हाक मारायची नाही

६ जानेवारी

प्रिय ठकू,

लेकीकडे येऊन आठ दिवस झाले. तिचे दिवस भरत आलेत, पाय सुजलेत, आणि मी येता-जाता तिच्या पोटाकडे बघत बसते. परवा फोनवर तू काय बोललीस ते तिनं मला ओठ हलवून सांगितलं, पण तिला सवय कुठली! निम्मं गाळते. तेव्हा पत्रच बरं. बावीस वर्षं गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात काढली, कान गेले ते गेले, डोळे तरी शाबूत आहेत.

काम असं आहे. काल ह्यांचं पत्र आलं. सहा पानं. कुणाच्या चष्म्याची काडी मोडली, कोण दुसऱ्याचाच चष्मा घालून घरी गेला, सगळं सविस्तर. आणि पाचव्या पानाच्या तळाशी, जाता जाता आठवलं म्हणून लिहावं तसं, की डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मोजला. आकडा मी दोनदा वाचला. आणि सहाव्या पानावर हा माणूस शेजारच्या कुत्रीला पाच पिल्लं झाल्याचं सांगतोय!

गोळ्या सुरू झाल्यात म्हणे. पण त्या दुकानात दिवसभर भिंगं घासत एका जागी बसायचं आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, एवढाच त्यांचा व्यायाम. तू त्यांना उद्यापासून तुझ्या योगाच्या वर्गात घे. मेहुणीपुढे उताणं पडायचं म्हणजे शोभत नाही, असं काहीतरी म्हणतील. ऐकू नकोस. माझं नाव सांग.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझ्या नवऱ्यानं माझा वर्ग उधळून लावलाय.

अकरा माणसं येतात माझ्याकडे. सायकलीच्या दुकानावरची ती खोली, सकाळी सातची वेळ, खालचं शटरसुद्धा उघडलेलं नसतं. वीस वर्षांत तिथे कुणी मोठ्यानं शिंकलं नव्हतं. आणि भाऊजी वृक्षासनात एका पायावर उभे राहतात आणि शेजारच्या शिंपीणबाईंना म्हणतात, "झाडाखाली थांबू नका हं, कधीही कोसळेल." शिंपीणबाई हसता हसता पडल्या. कॅशियरबाईंनी तर हसून हसून डोळे पुसले. मी रागावले तर मलाच म्हणाले, "मास्तरीणबाई, हसण्यानं पोटाला व्यायाम होतो ना? मग मी फुकट शिकवतोय."

पण येतात, एक दिवसही चुकले नाहीत. कंबर बरीच सुटलीय. अडतं ते एकाच ठिकाणी, शवासनात. तू हसशील, पण शेवटचं ते उताणं पडणंच सगळ्यात अवघड असतं. हातपाय वळवणं म्हणजे काही योग नव्हे गं, ते कुणीही करील. मनाला एका जागी बसवायचं. श्वास आत आला की कळला पाहिजे, बाहेर गेला की कळला पाहिजे. मी रोज एकच वाक्य म्हणते, श्वासावर लक्ष ठेवा. तर भाऊजी डोळे मिटूनच विचारतात, "कुणाच्या? शेजारच्याच्या ठेवू का?"

माझ्या वर्गाचा नियम तुला माहीत आहे. शवासनातल्या माणसाला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. ज्याला जेव्हा आतून उठावंसं वाटेल तेव्हा त्यानं उठावं, चटई गुंडाळावी आणि पाय न वाजवता जिना उतरावा. मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या गुरुजींकडे एका म्हाताऱ्यांच्या खांद्याला हात लावला होता, घरी जायची वेळ झाली म्हणून. गुरुजींनी मला महिनाभर दाराबाहेर बसवलं. तेव्हापासून मी तो नियम कधी मोडला नाही आणि कुणाला मोडू दिला नाही. भाऊजी मात्र दर दोन मिनिटांनी एक डोळा उघडून विचारतात, "झालं का?" काल म्हणाले, "मेल्यासारखंच पडायचं असेल तर मेल्यावर पडेन की, तेव्हा वेळच वेळ आहे."

त्यांना गप्प करायचं औषध तुझ्याकडे असलं तर पाठव.

तुझी,
ठकू


२८ जानेवारी

प्रिय ठकू,

नात झाली! काल सकाळी. दोघी सुखरूप. रडते तेव्हा तिचं तोंड केवढं उघडतं म्हणून सांगू! मला ऐकू येत नाही, पण दिसतं. आजोबांवर गेलीय.

औषध पाठवतेय. पुढचं त्यांना वाचून दाखव, सगळ्या वर्गासमोर.

"अहो, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. तेव्हापासून मी तुमच्या तोंडाकडे बघत आलेय. तुम्ही बोलायचं आणि मी ओठ वाचायचे, यातच माझा जन्म गेला. बाजारात जावं तर तुम्ही वळून वळून बोलणार, जेवताना घास हातात धरून बोलणार, आणि मी भात गार करून बघत बसणार. आता नातीचे आजोबा झालात. एकदा, फक्त एकदा, अर्धा तास तोंड न उघडता पडून दाखवा. तेवढं जमलं तर मानीन तुम्हाला. नाहीच जमायचं म्हणा. पैज लावते."

वाचून झाल्यावर त्यांचं तोंड कसं झालं ते मला कळव.

ताई


५ फेब्रुवारी, सकाळचे ८ वाजून १० मिनिटं

प्रिय ताई,

तू पैज हरलीस!

हे पत्र मी वर्गातूनच लिहितेय. खिडकीपाशी बसलेय, मांडीवर वही. समोर तुझे यजमान पडलेत. पंचवीस मिनिटं झाली, आता पाचच उरली. एक शब्द नाही. एकदाही डोळा उघडला नाही. मला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाहीये.

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी वाचून दाखवलं. सगळे खो खो हसले, तेही हसले, पण त्यांच्या मनाला लागलं असणार. रोज प्रयत्न करायचे, पाच मिनिटं, सात मिनिटं. आज मात्र आले तेच गप्प. नमस्कारसुद्धा मानेनं. चटई पसरताना उजव्या हातातून दोनदा सुटली. मी म्हटलं, आजोबा झालात, आता असंच व्हायचं. नुसते हसले. मी म्हटलं, अरे वा, आज पक्कं ठरवून आलेत.

आता एकेक जण उठून जातोय. पाय इतके अलगद टाकताहेत की बस. ग्रंथपाल त्यांना ओलांडावं लागू नये म्हणून भिंतीला चिकटून गेले. शिंपीणबाईंनी जाता जाता त्यांना चक्क हात जोडले! खोलीत गारवा आहे म्हणून मी त्यांच्या अंगावर चादर घातली, अंगाला स्पर्श होऊ न देता.

साडेआठ. अजून तसेच आहेत. ताई, असं शवासन मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिलेलं नाही. जबडा असा सैल सुटलाय की तोंड एका बाजूला कललंय. मला वीस वर्षांत जबडा इतका सोडता आला नाही. उजवा हात तर नुसता पडलाय, आपला नसल्यासारखा. मधून एकदा आतून हुंकार आला, "अं". मग थोड्या वेळानं पुन्हा. मला काटाच आला अंगावर. गुरुजी म्हणायचे, खोल उतरलेल्या माणसाच्या आतून असा आवाज निघतो. मला वाटायचं, उगाच सांगतात. आज ऐकला. आणि कुणाचा, तर आपल्या भाऊजींचा!

मला खरंच रडू येतंय गं. मी त्यांना थट्टेवारी नेत होते.

आठ पंचावन्न. कॅशियरबाई शेवटच्या निघाल्यात. त्यांच्या बँकेच्या दारातच टपालपेटी आहे, हे पाकीट त्यांच्याकडे देते म्हणजे आजच निघेल. मी चहा टाकते. उठले की आधी तुझ्या हरण्याचा चहा.

तुझी,
ठकू


१३ फेब्रुवारी

ठकू,

सोबत तुझंच पत्र परत पाठवलंय. पाच तारखेचं. ते लेकीच्या घरी पोचलं तेव्हा मी इथे दवाखान्यात होते. तिनं ते न उघडता दुसऱ्या पाकिटात घालून इकडे पाठवलं. आज मिळालं.

पाकिटावर तुझं अक्षर बघून मला वाटलं, बिचारीनं धीर द्यायला काहीतरी लिहिलं असेल. ह्यांच्या खाटेशेजारी बसून उघडलं. "तू पैज हरलीस!" पहिलंच वाक्य. मला काही कळेना. तारीख पुन्हा पाहिली. मग वाचत गेले. नर्सनं येऊन मला पाणी दिलं. मला वाटलं, मी ओरडले असणार. मला ऐकू येत नाही ना.

तू मला काय सांगितलं होतंस? मी गाडीतून उतरून धावत आले, तू दवाखान्याच्या दारात उभी होतीस. मी विचारलं, किती वेळ झाला होता? तू ओठ हलवून म्हणालीस, "लगेच." माझा विश्वास बसावा म्हणून माझ्या तळहातावर बोटानं लिहून दाखवलंस. लगेच. डॉक्टरांनी मला हेच विचारलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात कागदावर लिहून दिलं, माझी बहीण तिथेच होती, तिनं लगेच आणलं. ते म्हणाले, नशीबवान आहात, अशा वेळी मेंदू मिनिटामिनिटानं मरत असतो.

तू मिनिटं लिहून ठेवलीस, ठकू. आठ दहा. साडेआठ. आठ पंचावन्न. माझ्या नवऱ्याचं तोंड वाकडं होताना बघत होतीस आणि त्याचं कौतुक लिहीत होतीस. तो तुला हाक मारत होता. दोनदा. तू त्याच्यावर चादर घातलीस.

अकरा माणसं त्याच्या बाजूनं चवड्यांवर चालत गेली? एकालाही वाटलं नाही, की वाकून बघावं?

उद्या आम्हाला घरी सोडताहेत. तू येऊ नकोस.


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तुझ्या शेजारणीनं आणून दिलं. चार गल्ल्या पलीकडून पत्र येतंय, यावरूनच मला कळलं की आत काय असणार.

खरं ते लिहिते. कॅशियरबाई गेल्यावर मी चहा टाकला. दोन कप ओतले. भाऊजींचा कप झाकून ठेवला आणि माझा घेऊन पुन्हा खिडकीपाशी बसले. नऊ वाजून दहा मिनिटांनी खाली सायकलवाल्यानं शटर वर केलं. रोज त्या आवाजानं खोली हादरते. भाऊजींची पापणी हलली नाही. तेव्हा, ताई, तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्याजवळ गेले. डावा डोळा उघडा होता. माझ्याकडे बघत होता. त्यातून पाणी वाहून कानापर्यंत वाळलेलं होतं. मी किंचाळले. सायकलवाला धावत वर आला, त्यानंच गाडी आणली.

म्हणजे आठ दहा ते आठ पंचावन्न, एवढा पाऊण तास नव्हे. पत्रात आहे त्याहूनही जास्त. सवा तास तरी असेल. तुला निम्मंच माहीत होतं, आता सगळं माहीत आहे.

दारात तुला "लगेच" म्हणाले तेव्हा ठरवून खोटं बोलले नाही. मला खरोखर वाटत होतं की मी किंचाळले त्या क्षणापासूनच सगळं सुरू झालं. दुपारी कधीतरी ते पत्र आठवलं. धावत बँकेत गेले. पेटी उघडून पत्रं नेली होती. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. आठ दिवस मी टपालाची वाट बघत होते, आणि ते हरवावं म्हणून हात जोडत होते.

रोज वर्गात काय सांगत होते मी? श्वासावर लक्ष ठेवा. भाऊजींनी विचारलं होतं, कुणाच्या? आम्ही सगळे हसलो होतो. ताई, मी सवा तास त्या खोलीत होते आणि त्यांचा श्वास कसा चाललाय ते मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. माझ्या शिकवण्याकडे बघत होते. केवढी मोठी मास्तरीण, बघा कुणाला गप्प केलं! जे मन जागं ठेवायचं म्हणून वीस वर्षं लोकांना सांगितलं, तेच माझं झोपलं होतं. मला नियम तेवढा ठाऊक होता. तो कशासाठी, हे मी कधी विचारलंच नाही.

वर्ग बंद केलाय. चटया गुंडाळून भिंतीशी लावल्या. शिंपीणबाई येऊन रडून गेल्या. हात जोडलेले त्यांच्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

तू येऊ नकोस म्हणालीस, येणार नाही. पण बोलावशील तेव्हा धावत येईन.

ठकू


३ मार्च

ठकू,

पत्रं नकोत असं मी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहितेय. एवढंच.

उजवा पाय थोडा उचलतात. उजवा हात नाही. बोलणं नाही. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, शब्द मनात आहेत, पण जीभ आणि ओठ ऐकत नाहीत. येईल, नाही येणार, कुणी सांगत नाही. डाव्या हातानं पाटीवर दोनचार अक्षरं काढतात, पाणी, लघवी, पडदा.

तुला एक सांगते, जे डॉक्टरांनाही कळलेलं नाही. ते बोलायचा प्रयत्न करतात तेव्हा मी सवयीनं ओठांकडे बघते. ओठ उजवीकडून लोंबतात. नुसता लोळागोळा. गिरणीत शंभर मागांच्या पलीकडून मी बायांचे ओठ वाचलेत. आणि माझ्या नवऱ्याचे मला वाचता येत नाहीत. कान जाऊन मला इतकी वर्षं झाली, पण बहिरी मी आता झाले.

ताई


११ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून दिवसभर एका जागी बसून होते. माफ कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दवाखान्यातल्या, बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या बाईंना भेटून आले. त्यांना विचारून, त्यांनी हो म्हटलं तेवढंच लिहितेय. मला घरात घेऊ नकोस, पण हे करून बघ.

सकाळी पोट रिकामं असताना भाऊजींना भिंतीला पाठ टेकवून बसव. उजव्या हाताखाली उशी दे. तू समोर बस, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. नाकानं श्वास घेऊ दे. ओठ मिटून, सोडताना घशातून भुंग्यासारखा आवाज काढायचा. ओठ मिटत नसतील तर उजवा कोपरा तू बोटानं वर धर. सुरुवातीला नुसती हवा निघेल, निघू दे.

तुला ऐकू येणार नाही. म्हणून तळहात त्यांच्या छातीवर ठेव. आवाज झाला तर हाताला थरथर कळेल. तोंड लाल झालं, श्वास अडला, कपाळाला घाम आला, तर लगेच थांबव आणि डॉक्टरांना बोलाव. पाच वेळा. पाचाच्या वर सहावा नको.

आणि तू मोजत बसू नकोस. त्यांच्याकडे बघ. त्यांचा श्वास आत गेला की तुझा जाऊ दे. डोळे हलवू नकोस. मला योगाचं जे काही कळलंय ते एवढंच आहे, ताई, आणि तेही गेल्या महिन्यात कळलं.

ठकू


२ एप्रिल

ठकू,

तुझं ते पत्र मी आठ दिवस डब्याखाली दाबून ठेवलं होतं. तू सांगायचं आणि मी करायचं, माझ्या जिवावर आलं. मग एक दिवस ते पाटीवर एक अक्षर काढायला बसले आणि खडू तीनदा पडला, तेव्हा मी उठून पत्र काढलं.

पहिले तीन दिवस काही नाही. नुसती हवा, लाळ. चौथ्या दिवशी माझ्या तळहाताखाली काहीतरी हललं. बारीक, भांड्यावर माशी बसावी तेवढं. मी दचकून हात काढून घेतला. मग पुन्हा ठेवला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. पस्तीस वर्षं मी ओठच बघत आले गं. त्यांचे डोळे इतके पाणीदार आहेत हे मला माहीत नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. दहा दिवस झाले, लपवून ठेवलंय.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, त्या सकाळी काय झालं? माझा राग तुझ्यावर होता, मला तो त्यांच्या हातून पक्का करून हवा होता. त्यांनी पाटी घेतली. अर्धा तास लागला लिहायला. लिहिलं होतं, "हात जिन्यातच गेला होता. मुंग्या. सांगणार होतो. पैज आठवली."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, बोलता येत होतं? त्यांनी मान हलवली, हो. पुसून लिहिलं, "पडल्यावर पहिली दहा मिनिटं. वाटलं, एवढा अर्धा तास काढू. तू मानशील."

ठकू, तो माणूस जन्मभर बोलत होता ते माझ्यासाठी. मला जगातलं काही ऐकू येत नाही म्हणून तो सगळं जग तोंडानं माझ्यापर्यंत आणून टाकत होता. कुत्रीची पिल्लंसुद्धा. आणि मी त्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगितलं की गप्प बसून दाखव. बसला तो. माझ्या एका वाक्यासाठी बसला.

आणि मी तुझ्याकडे बोट दाखवत होते. तू सवा तास बघितलं नाहीस. मी पस्तीस वर्षं.

हे मी दहा दिवस तुला सांगितलं नाही. तू तिकडे तळमळते आहेस हे मला माहीत होतं, तरी सांगितलं नाही. का, ते विचारू नकोस. मला कुणीतरी दोषी हवं होतं, आणि ती मी नको होते. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. माफ करणारी मी कोण, हेच मला कळेनासं झालंय.

हे सगळं मी सावकाश लिहिणार होते. पण आत्ता, सकाळी, पाच वेळा झाल्यावर मी हात काढायला लागले तर त्यांनी डाव्या हातानं माझा हात छातीवर दाबून धरला. आणि छाती थरथरली. भुंग्यासारखी नव्हे. तुटक. थांबून, पुन्हा. मला कळलं, हे शब्द आहेत.

मी पाटी पुढे केली. त्यांनी ढकलून दिली. पुन्हा केली, पुन्हा ढकलली, खडू खाली गेला. लिहायचं नाही त्यांना. बोलायचंय. तोंड हलतंय, मला वाचता येत नाही. पुन्हा तेच, पुन्हा तेच, हाताला कळतंय, चार तुकडे आहेत, तेच चार तुकडे. डोळ्यांतून पाणी येतंय. रागावलेत की हसताहेत तेही मला कळत नाहीये. एक हात त्यांच्या छातीवर आहे आणि दुसऱ्यानं मी हे लिहितेय, अक्षर बघ कसं येतंय.

शेजारीण दारात आहे. तिला विचारता आलं असतं, काय म्हणताहेत ते. पण त्यांचं पहिलं वाक्य मला परक्या बाईच्या ओठांवर वाचायचं नाही. तुझे ओठ मी तू पाळण्यात असल्यापासून ओळखते.

हे पत्र घेऊन तीच येतेय. वाचून झालं की तिच्याबरोबरच नीघ. दार उघडं आहे, कडी वाजवू नकोस, मला ऐकू येणार नाही, सरळ आत ये. जे म्हणत असतील ते मला तसंच्या तसं सांग. माझ्याविषयी असलं, वाईट असलं, तरी एक शब्द बदलू नकोस.

लवकर ये. ते अजून बोलताहेत.

ताई